टकरा वाढल्या की कार्बन डायऑक्साइडचा रामन वर्णपट का बदलतो?

वायूवर लेझर मारला की थोडासा प्रकाश रंग बदलून बाहेर पडतो. हाच १९२८ मध्ये सापडलेला रामन परिणाम. कार्बन डायऑक्साइडच्या कंपनांची त्यात दोन ठळक शिखरं दिसतात, तरंगसंख्या साधारण १२८५ आणि १३८८ प्रति सेंटिमीटर.

आता आमच्या नाशिकच्या स्पार्कलिंग वाइनची बंद बाटली घ्या. आतला दाब हवेच्या पाच-सहा पट, म्हणजे टकराही जास्त. टकरींमुळे रेणूची लय तुटते आणि वर्णपटातल्या बारीक रेषा रुंदावतात. गर्दी याहून कितीतरी वाढली, की दोन शिखरांमधलं अंतर १०३ वरून १०५ च्या आसपास जातं.

मला यातली हीच गोष्ट भारी वाटते: अंतर मोजा, घनता कळते. म्हणून खडकात अडकलेला सूक्ष्म बुडबुडा न फोडता भूवैज्ञानिक आतला वायू किती दाट आहे ते सांगतात. फोडला, तर वायूसोबत पुरावाही उडून जाईल.