गाठीची साक्ष



पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. अशी गाठ बहुधा निरुपद्रवी असते. क्वचित ती प्लेगचीही असते. बोटांना गाठ सुजल्याचे कळते, कशाने सुजली ते कळत नाही. या दोन गोष्टींमधील अंतराचा इतिहास मी आज आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

जून १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगने थैमान घातले होते. जपानचे किटासाटो तेथे आधी पोचले. त्यांना रुग्णालयाची सर्व साधने मिळाली. मागाहून आलेल्या अलेक्झांडर येर्सिन यांना शवे मिळेनात. त्यांनी गवताची झोपडी उभारली, प्रेते पुरणाऱ्या खलाशांना पैसे देऊन शवे पाहिली आणि सरळ सुजलेल्या गाठीत छेद घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड, गोलसर टोकांच्या जंतूंची अक्षरशः दाटी दिसली. किटासाटोंनी मुख्यतः रक्त तपासले. त्यांच्या नमुन्यांत अन्य जंतूंची भेसळ झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. जंतूला पुढे नाव लाभले ते येर्सिन यांचे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते आपल्या बार्देशातील हडफड्याचे, याचा मला अभिमान वाटतो. त्यांचे निदान अनेकांना रुचले नाही. पण पुढे इतर तज्ज्ञांनीही त्याला दुजोरा दिला.

येथे मात्र इतिहास दुःखद वळण घेतो. गाठीतील जंतू दाखविणारी विद्या उपलब्ध असूनही, फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर सरकारने भर दिला तो चाचपणीवर. स्थानकांवर उतारूंच्या काखा-जांघा तपासल्या जाऊ लागल्या. संशयितांना कुटुंबापासून दूर नेण्यात येई. स्त्रियांच्या तपासणीवरून संताप उसळला. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामागे हाही क्षोभ होता. गाठ लपविणे लोकांना दाखविण्यापेक्षा सुरक्षित वाटू लागले, आणि लपलेल्या रुग्णांबरोबर साथही पसरली.

आज गाठीत सुईने थोडे क्षारजल सोडून द्रव ओढून घेतात. रंग दिल्यावर जंतूची दोन टोके गडद दिसतात, बंद सेफ्टी पिनेसारखी. सुमारे २८ अंश सेल्सिअसला तो वाढवून पाहतात. नमुना प्रतिजैविकापूर्वी घ्यावा, पण अहवालासाठी औषध थांबवू नये, हा नियम आहे.

मित्रहो, सर्व साधने असती तरी १८९७ ची साथ टळली असती, असे मी म्हणणार नाही. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. परंतु रुग्णाला नुसता संशयित मानून ओढून नेणे आणि त्याच्या गाठीची साक्ष काढून त्याला कारण समजावून सांगणे, यांत फार अंतर आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकणाऱ्या मुलामुलींनी ते अंतर ध्यानात ठेवावे, एवढीच माझी विनंती.