पाककला शिक्षण : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत मिळणारे व्यावसायिक स्वयंपाकाचे शिक्षण. या महाविद्यालयांपैकी सर्वांत जुने, इलिनॉयमधील जोलिएट ज्युनियर कॉलेज, १९०१ मध्ये सुरू झाले. पाकशिक्षणाची वाट पुढे सॅन फ्रान्सिस्कोने रुंद केली. तेथील सिटी कॉलेजची स्थापना १९३५ ची. हॉटेल व रेस्टॉरंट विभाग त्याच्या पाठोपाठ १९३६ मध्ये उघडला. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना व्यवसाय हवा होता आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या उच्चशिक्षण आयोगाने १९४७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांचा जोरदार पुरस्कार केला. त्यानंतर ही महाविद्यालये देशभर पसरली. १९७० च्या दशकात अमेरिकन क्युलिनरी फेडरेशन या शेफच्या संघटनेच्या खटपटीमुळे सरकारी वर्गीकरणात शेफचे काम घरगुती चाकरीतून निघून व्यावसायिक गटात गेले. या शिक्षणाची प्रतिष्ठा त्यामुळे वाढली.

पूर्ण अभ्यासक्रम साधारण ६० श्रेयांकांचा असतो व त्यानंतर असोसिएट पदवी मिळते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी छोटे प्रमाणपत्र वर्गही असतात. सुरुवात सुरीपासून होते. भाजीचे तुकडे सुंदर दिसावेत एवढाच त्यामागचा हेतू नाही. एकाच मापाचे तुकडे एकाच वेळी शिजतात, म्हणून ज्युलियनची काडी आणि ब्रुन्वाझचा बारीक चौकोन, दोन्ही इंचाच्या आठव्या भागाच्या मापाने कापायला लावतात. मग स्टॉक, फ्रेंच शेफ एस्कॉफियेच्या परंपरेतले पाच मूळ सॉस, बेकिंग, थंड पदार्थांचा विभाग.

अन्नसुरक्षेच्या परीक्षेला फाटा देता येत नाही, आणि तो देऊही नये. ५ ते ५७ अंश सेल्सिअस हा जंतू झपाट्याने वाढण्याचा टप्पा. शिजवलेले अन्न ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत उतरले पाहिजे. म्हणून मोठे पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलत नाहीत. रस्सा उथळ ट्रेमध्ये ओततात किंवा भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहतात. कोंबडी आतून ७४ अंशांना पोहोचली की नाही हे थर्मामीटर सांगतो, रंग नव्हे.

तितकाच मोलाचा भाग हिशेबाचा. दहा पौंड गाजर सोलून-कापून आठ पौंड उरले, तर पौंडाला एक डॉलर देऊन घेतलेले गाजर प्रत्यक्षात सव्वा डॉलरला पडते. ताटाची किंमत या सव्वा डॉलरवरून ठरते. चांगला हात असूनही धंदा बुडालेल्या अनेकांना हेच गणित जमलेले नसते.

बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थीच रेस्टॉरंट चालवतात व बाहेरचे लोक पैसे देऊन जेवायला येतात. कधी चुलीशी, कधी वाढायला, कधी भांडी घासायला अशी पाळी बदलत जाते. या शिक्षणाचा कणा हाच आहे. ऑर्डरींचा ढीग पडल्यावर डोके शांत ठेवणे पुस्तकातून येत नाही.

खर्चाचा विचार केला तर या कॉलेजांची बाजू स्पष्टपणे भक्कम आहे. राज्यातील रहिवाशाला वर्षाची फी सरासरी सुमारे ४,००० डॉलर पडते, खासगी पाकशाळांची तिच्या कित्येक पट. पदवी कुठलीही असो, स्वयंपाकघरातली पहिली नोकरी बहुधा खालच्या पायरीवरची व कमी पगाराची असते. त्यावर मोठे कर्ज फेडणे कठीण जाते. नामवंत ल कॉर्दों ब्ल या खासगी पाकशाळेच्या अमेरिकेतील शाखा २०१७ पर्यंत बंद झाल्या, सार्वजनिक कॉलेजांतली स्वयंपाकघरे मात्र अनेक शहरांत चालू आहेत.

भारतात मात्र व्यावसायिक पाकशिक्षण प्रामुख्याने हॉटेल मॅनेजमेंट संस्थांतून आले. त्यांतली पहिली, दादरची संस्था, १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने उभी राहिली.

अमेरिकेत प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने कॉलेजच्या अभ्यासक्रमाला अमेरिकन क्युलिनरी फेडरेशनची मान्यता आहे का, हे आधी तपासावे. शक्य असल्यास त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या रेस्टॉरंटात एकदा जेवून यावे आणि मगच फी भरावी.