बखर, दफ्तर आणि एक जपानी रणखेळ

ज्या मासिकांत ग्रंथांचें परीक्षण व्हावयाचें त्यांत पडद्यावरील खेळाची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल, आणि तो अगदींच गैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मुलांच्या हातांतील हीं यंत्रें म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय, अशी आमच्या पिढीची समजूत आहे. पुष्कळ खेळांच्या बाबतींत ती खरीही आहे. तथापि ज्या खेळाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचा प्रारंभच एका इतिहासकाराच्या निवेदनानें होतो. हा इतिहासकार सांगतो कीं, चारशें वर्षांपूर्वींच्या एका यादवी युद्धाचा जो वृत्तांत सर्वांस ठाऊक आहे तो अपुरा आहे. त्यांत ज्यास वीर म्हटलें आहे त्याच्याबरोबर दुसरा एक तरुण होता, त्याचें कार्य कोणत्याही मान्य ग्रंथांत नोंदलेलें नाहीं, आणि दडपून ठेवलेले कांहीं कागद आतां उजेडांत आल्यामुळें तें सांगणें शक्य झालें आहे. इतिहास शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं एवढें ऐकल्यावर पुढें काय होतें तें पाहिल्यावांचून कसें राहावें?

खेळाचें नांव 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'. जपानांतील स्क्वेअर या कंपनीनें तो १९९७ च्या जून महिन्यांत प्लेस्टेशन यंत्रासाठीं काढला; कथा व दिग्दर्शन यासुमी मात्सुनो यांचें. २००७ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली, आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजीं 'द इव्हालीस क्रॉनिकल्स' या उपनांवानें तो नव्या यंत्रांवर पुन्हां आला. आम्हीं पाहिला तो हा शेवटचा अवतार. या जातीचा खेळ आम्हीं पूर्वीं कधीं हातांत धरला नव्हता, तेव्हां पुढील मजकूर नवख्याचा आहे हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नवखेपण मात्र यंत्रापुरतेंच. पट, त्यावरील घरें आणि एकामागून एक खेळावयाच्या चाली पाहतांच हें कूळ आमच्या ओळखीचें निघालें. चतुरंग हें नांवच मुळीं हत्ती, घोडे, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून पडलें. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' या ग्रंथांत राजांच्या विनोदांचें वर्णन करतांना या खेळास जागा दिली आहे. आणि ती कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण, आमच्या निलंग्याहून फार दूर नव्हे. हाच खेळ पूर्वेकडे जातां जातां जपानांत 'शोगी' झाला. शोगींत एक चमत्कारिक नियम आहे. मारलेला मोहरा पटाबाहेर पडून राहत नाहीं. तो मारणाऱ्याचा होतो आणि त्याच्या बाजूनें पुन्हां पटावर उतरतो. अठराव्या शतकांतील दख्खनचा इतिहास ज्यानें वाचला आहे त्याला यांत चमत्कार वाटण्याचें कारण नाहीं. पुढें १९९० मध्यें निंटेंडोच्या यंत्रावर 'फायर एम्ब्लेम' हा खेळ आला, त्यानें पटावरील मोहऱ्यांना नांवें, नातीं आणि कायमचें मरण दिलें. आमच्यापुढील खेळ त्याच वाटेनें आलेला आहे.

नवख्याची पहिली अडचण पटाचीच. बुद्धिबळाचा पट सपाट असतो. हा पट म्हणजे किल्ल्याचा उतार, घराचें छप्पर, ओढ्याचें पाणी आणि दलदल. घराघराची उंची निराळी. उंचावर उभ्या असलेल्या तिरंदाजाचा बाण दूर जातो. पाठीवर आलेला वार चुकवितां येणें कठीण. म्हणून चाल संपवितांना तोंड कोणत्या दिशेस करून उभें राहावें याचाही विचार करावा लागतो. एकदां आपण आणि एकदां शत्रु अशी पाळी नाहीं. ज्याची चपळाई अधिक त्याची पाळी आधीं येते. मांत्रिकानें मंत्र म्हणावयास आरंभ केला तर तो फळावयास वेळ लागतो, आणि तोंवर शत्रु त्या घरांतून निघूनही गेलेला असतो. प्रत्येक माणसाचें शौर्य आणि श्रद्धा हीं आंकड्यांनीं मोजलेलीं आहेत. ज्याची श्रद्धा मोठी त्याचा मंत्र प्रखर. पण शत्रूचा मंत्रही त्यालाच अधिक बाधतो. ती फारच वाढली तर तो गृहस्थ ईश्वराच्या शोधार्थ पथक सोडून चालता होतो! हा नियम ज्यानें योजिला त्याला माणसांची पारख होती असें आम्ही म्हणूं.

याहून महत्त्वाचा नियम व्यवसायांचा. कोणताही शिपाई औषधें देण्याचें काम शिकून मग तिरंदाज होतो, तिरंदाजाचा मांत्रिक होतो, आणि पहिली विद्या दुसऱ्या व्यवसायांत बरोबर नेतो. कुळाची अट कोठेंच नाहीं. कथा मात्र नेमकी याच्या उलट चालते. तींत जन्म हेंच दैव. पटावर ज्यास वाटेल तें होण्याची मोकळीक, आणि पट मिटून गोष्ट सुरू झाली कीं सामान्याचा मुलगा सामान्यच. हा विरोध ग्रंथकारानें कोठें बोलून दाखविलेला नाहीं, परंतु आम्हांस तो क्षणभरही विसरतां आला नाहीं.

ती कथा अशी. इव्हालीसचें राज्य शेजारच्या ऑर्डालियाशीं पन्नास वर्षें लढून हरलेलें आहे. तिजोरी रिकामी, जे सामान्य लोक लढावयास नेले त्यांस पगार न देतांच निरोप मिळाला, आणि त्यांतील कांहीं बंडखोर झाले. मराठी वाचकांस येथें ३० ऑगस्ट १७७३ चा शनिवारवाडा आठवेल. गारद्यांच्या तलवारींमागें कारस्थान होतें तसा थकलेला पगारही होता. हें बंड मोडावयास निघालेल्या उमरावी मुलांत रॅम्झा हा बेऊल्व्ह घराण्यांतील धाकटा दासीपुत्रासारखा मुलगा आहे आणि डेलिटा हा त्याच घरांत वाढलेला, पण कुळानें सामान्य असा त्याचा मित्र. डेलिटाची बहीण टिएट्रा हिला बंडखोर उमरावाची मुलगी समजून पळवितात. किल्ल्याच्या दाराशीं बंडखोर तिला पुढें धरून उभा असतां रॅम्झाच्या वडील भावाच्या आज्ञेवरून बाण सुटतो आणि तो पहिल्यानें तिलाच लागतो. सामान्याच्या मुलीसाठीं कोण थांबणार?

येथून दोघांच्या वाटा फुटतात. दोन ड्यूक बाल राजपुत्राच्या व राजकन्या ओव्हेलियाच्या नांवानें लढूं लागतात. एकाच्या निशाणावर पांढरा सिंह, दुसऱ्याच्या काळा. इंग्लंडांतील गुलाबांच्या युद्धाची छाया उघड दिसते. डेलिटा दोन्ही बाजूंचा व धर्मपीठाचाही उपयोग करून घेत, खोटें बोलत, वेळीं मारीत, राजकन्येशीं लग्न करून राजा होतो. रॅम्झा घर व नांव सोडतो, धर्मपीठाचें कपट शोधून काढतो, आणि त्याबद्दल पाखंडी ठरतो. ऑरन दुराई नांवाच्या गृहस्थानें हें सर्व जवळून पाहिलें आणि लिहून धर्मपीठापुढें ठेवलें. पीठानें कागद जप्त केले व ऑरनला जिवंत जाळलें. आरंभीं बोलणारा इतिहासकार आराझ्लाम हा त्याचाच वंशज. म्हणजे सबंध खेळ हा एका जप्त दफ्तराचा अनुवाद आहे, आणि खेळणाराच्या हातून होणारी प्रत्येक लढाई ही मान्य बखरींत नसलेली लढाई आहे.

बखरी आणि दफ्तर यांचा हा तंटा महाराष्ट्रास नवीन नाहीं. १८९८ मध्यें राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, त्यांत पानिपतच्या काळचीं मूळ पत्रें छापलीं आणि प्रस्तावनेंत बखरींची कठोर झडती घेतली. आमच्या मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर निलंग्यांत जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनीं फारसी साधनें मराठींत आणलीं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजांतील नरहर कुरुंदकर यांनीं 'श्रीमान योगी'च्या प्रदीर्घ प्रस्तावनेंत कादंबरीच्या दारांत उभें राहून इतिहासाचे पुरावे तपासले. तरीही लोकस्मृतीची निवड स्वतंत्रच चालते. १७६० च्या फेब्रुवारींत उदगीर-औशाच्या मुलुखांत सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें, दौलताबादसह मोठा मुलूख मिळविला. त्या विजयांत इब्राहीमखान गारद्याच्या तोफांचा वाटा मोठा होता, आणि हा इब्राहीमखान थोड्याच काळापूर्वीं निजामाच्या चाकरींत होता. शोगींतला पुन्हां उतरलेला मोहराच म्हणाना. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूनें शेवटपर्यंत लढला, पकडला गेला व मारला गेला. पराभवास आपण 'पानिपत झालें' म्हणतों. उदगिराचा वाक्प्रचार झाला नाहीं, आणि इब्राहीमखानाचें नांव लातूरच्या किती मुलांस ठाऊक आहे याची परीक्षा न घेतलेली बरी.

परंतु ऑरनच्या कागदांना खरें जुळणारें प्रकरण इतकें जुनें नाहीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. त्यापूर्वींच्या रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी आमच्या घराघरांत आहेत. त्या खऱ्या आहेत, आणि मुक्तिदिनाचा झेंडा आम्ही मनापासून उभारतों. त्यानंतर खेड्यापाड्यांत मुसलमानांची जी हत्या झाली तिची पाहणी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीनें १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत केली. मृतांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे. अंदाजाविषयीं वाद आहे, व तो अभ्यासकांनीं घालावा. पण सर्वांत अधिक झळ लागलेले म्हणून जे चार जिल्हे समितीनें नोंदले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें, आणि त्या शहराचा अहवालांत वेगळा उल्लेख आहे. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान सोबत्यांचें रक्षण प्राणांचें मोल देऊन केलें, हेंही त्याच अहवालांत आहे. सरकारनें तो प्रसिद्ध केला नाहीं. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत तो सामान्य अभ्यासकास पाहावयास मिळूं लागल्याची वार्ता आली ती २०१३ मध्यें. मध्यें पासष्ट वर्षें गेलीं. नांदेड-लातुरांत हें कोणास ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक होतें, हातांत कागद नव्हता. आणि कागद दडला कीं त्या विणकरांची गोष्टही दडते, हें दडपणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नसावें.

खेळावर आमचे आक्षेप आहेत. उत्तरार्धांत पवित्र मण्यांतून राक्षस बाहेर पडूं लागतात, आणि माणसांच्या लोभानें जें घडलें होतें त्याचा बराचसा भार त्यांच्या माथीं जातो. पगार बुडविणारे सरदार राक्षसांवांचूनही पुरेसे भयंकर होते. दुसरा आक्षेप इतिहासकाराच्या बाजूचा. येथें खरें काय झालें तें खेळणारा आधींच स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो, त्यामुळें मान्य बखर खोटी ठरविण्यास त्याला श्रम पडत नाहींत. आम्हां इतिहासवाल्यांस ही सोय कोठून? आम्हांपुढें ऑरनचाही कागद आणि पीठाचाही कागद, आणि दोघांनाही कांहीं लपवावयाचें असूं शकतें. आराझ्लाम आपल्या पूर्वजाची साक्ष एकदांही उलट तपासत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें असा प्रबंध आणला असता तर आम्हीं तो परत केला असता.

एक बारीक गोष्ट नोंदून थांबतों. या खेळांत गांवोगांवच्या अड्ड्यांवर दाम मोजून शिपाई घेतां येतात. त्यांना कसलेंसें नांव मिळतें, पण कथेंत त्यांच्या तोंडीं एकही वाक्य नाहीं. पडलेल्या शिपायाच्या डोक्यावर तीन हा आंकडा दिसतो, पाळीगणिक एक कमी होतो, आणि तो संपेपर्यंत कोणी उठविलें नाहीं तर तो शिपाई कायमचा जातो. आम्हीं घेतलेली एक तिरंदाज मुलगी एका किल्ल्याच्या पायऱ्यांवर अशी पडली. आंकडा संपला, तिच्या जागीं एक स्फटिक राहिला. तो उचलणाराला तिच्या विद्येपैकीं थोडें कांहीं मिळालें. पुढच्या मुक्कामीं पथकाच्या यादींत तिचें नांव नव्हतें. आराझ्लामचें निवेदन मात्र तसेंच पुढें चाललें होतें.