वऱ्हाडांतील ग्रंथालयांचा सहकार

एकट्याला न झेपणारें ओझें चौघांनीं मिळून उचलावें, ही रीत वऱ्हाडच्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाहीं. आपल्या ग्रंथालयांना मात्र ती आचरणांत आणावयास बराच काळ लागला.

अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ आलें. अमरावतीचें विद्यापीठ १९८३ मध्यें निघालें. दोहोंना परदेशीं शास्त्रीय नियतकालिकें हवीं होतीं, आणि त्यांची वर्गणी तर वर्षागणिक चढत होती. छापील अंक एका वेळीं एकाच्याच हातीं असतो. म्हणून प्रत्येकानें निराळे दाम मोजावयाचे. नियतकालिकें संगणकावर येऊं लागलीं, तेव्हां एकत्र सौदा करण्याची वाट मोकळी झाली. २००४ मध्यें विद्यापीठांसाठीं ‘यूजीसी-इन्फोनेट’चा ग्रंथसंघ सुरू झाला, २००७ मध्यें कृषिसंस्थांसाठीं ‘सेरा’ आणि २०१० मध्यें महाविद्यालयांसाठीं ‘एन-लिस्ट’ आला. अल्प वर्गणींत तालुक्याच्या महाविद्यालयालाहि हजारों नियतकालिकें खुलीं झालीं.

२०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना चालू झाली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये, सुमारें १३,००० नियतकालिकें! परंतु तिचा पहिला टप्पा सरकारी व्यवस्थेखालील संस्थांचा. आणि वऱ्हाडांतील बहुतेक महाविद्यालयें खाजगी शिक्षणसंस्थांनीं उभारलेलीं आहेत. शिवाय जुना छापील अंक वर्गणी थांबल्यावरहि कपाटांत राहत असे; नव्या व्यवहारांत वर्गणीबरोबर वाचण्याचा हक्कहि सरूं शकतो.

तेव्हां सौदा किती मोठा, हें पाहून भागणार नाहीं. दाराबाहेर कोण राहिलें आणि पदरीं कायमचें काय उरलें, याचाहि हिशेब ठेवला पाहिजे.