चूल, काजळी आणि धुराची वाट
अंबाजोगाई परिसरातल्या एका घरकामाचा इतिहास

बीड जिल्ह्यातली अंबाजोगाई बालाघाटाच्या पठारावर वसली आहे. मार्गशीर्ष-पौषात पहाटे तिथे चांगलाच गारठा पडतो. पण भिंतीत कायमची आगटी बांधून घर तापवावे, अशी गरज या भागात कधी पडली नाही. महाबळेश्वरच्या इंग्रजी बंगल्यांत तशा आगट्या आहेत. मराठवाड्यात थंडीला अंगणातली शेकोटी, आजाऱ्या-बाळंतिणीसाठी शेगडी आणि एरवी चुलीपुढची ऊब एवढे पुरे होते. त्यामुळे इथल्या आगीच्या सफाईचा इतिहास बहुतांशी चुलीच्या सफाईचा आहे. हे काम रोजचे आणि कष्टाचे, तरीही त्याचा धंदा कधी झाला नाही.

जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर किलच्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे सपाट छप्पर. चुलीच्या वरच्या बाजूला छतात एक झरोका ठेवलेला असे. उजेड त्यातूनच आत येई आणि धूरही त्यातूनच बाहेर जाई. पावसाची चिन्हे दिसली की कोणीतरी माळवदावर चढून झरोक्यावर फरशी किंवा फुटका रांजण पालथा घाली. मग पाऊस उघडेपर्यंत धूर घरातच कोंडे. चुलीपासून झरोक्यापर्यंत नळी नव्हती. धूर आपल्या मर्जीने खोलीभर फिरून, तुळयांना आणि उतरंडीला काळा रंग देऊन, सावकाश वर जाई.

जळण घरचेच असे: शेणाच्या गोवऱ्या, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, बाभळीचे लाकूड. तुराट्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात, म्हणून जाळ सतत सारावा लागतो. गोवरी मंद धुमसते आणि धूर फार करते. जळण पुरते जळले नाही की त्यातला कार्बन काजळी होऊन उडतो. जळण ओले असेल तर वाफेबरोबर डांबरासारखा चिकट अंशही वर जाऊन बसतो. माळवदाच्या तुळयांवरचा तकतकीत काळा थर या दोन्हींचा असे. तो सगळाच नकोसा होता असेही नाही. धुराने लाकडाला कीड लागत नाही, असा अनुभव होता. पुढच्या पेरणीसाठी राखलेली कणसे मुद्दाम चुलीवरच्या तुळईला टांगली जात. काजळी खाली जेवणात पडू नये, एवढी खबरदारी घेतली की बाकीची वर राहू दिली जाई.

चूल घालणे आणि ती राखणे ही दोन्ही कामे बायकांची. पांढरी माती, शेण, भुसा आणि राख तुडवून चूल घालत. शेजारी तिच्याच उष्णतेवर चालणारा वैल असे. चुलीवर भाकरी, वैलावर कालवण. रोज पहाटे पहिले काम म्हणजे रात्रीची राख काढणे. राखेत पुरून ठेवलेला निखारा जिवंत असेल तर तोच फुंकून नवा जाळ करत. काढलेली राख लगेच उकिरड्यावर जात नसे: तिने भांडी घासत, दात घासत, डाळी-कडधान्यांत ती मिसळून कीड रोखत. मग शेणमातीत भिजवलेले पोतेरे चुलीवरून आणि पुढच्या जमिनीवरून फिरे. रोजच्या जाळाने मातीला तडे जातात. पोतेऱ्याने ते बुजत आणि चूल वर्षानुवर्षे टिके. सफाई आणि डागडुजी एकाच हातात, एकाच कृतीत उरकत.

वर्षाच्या सफाईला सणांचे निमित्त असे. श्रावण शुद्ध सप्तमीला, शीतला सप्तमीला, चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे शिळे खायचे आणि सारवलेल्या चुलीची पूजा करायची, असा रिवाज. यात भक्ती आहेच. पण बारा महिने गरम असणारी चूल एक दिवस पूर्ण निवते आणि तिच्या आत हात घालता येतो, ही सोयही आहे. घट बसण्याआधी संपूर्ण घर झाडले जाई. लांब बांबूला केरसुणी बांधून तुळयांवरची जळमटे आणि सुटलेली काजळी पाडायची, डोक्याला फडके गुंडाळायचे, धान्याच्या कणग्या झाकायच्या. अंबाजोगाई हे योगेश्वरी देवीचे गाव; इथे मार्गशीर्षातही तिचे नवरात्र असते, त्यामुळे ही झाडलोट काही घरांत वर्षातून दोनदा होई.

चुलीभोवती धंदे नव्हते असे नाही. कुंभार शेगड्या आणि सुट्या चुली करी, लोहार चिमटे आणि फुंकण्या देई, केरसुण्या मातंग कारागीर बांधत. सफाई मात्र कोणाकडे गेली नाही. एक कारण बांधणीचे: जिथे नळीच नाही तिथे नळी साफ करणारा कशाला? दुसरे कारण सोवळ्याचे. चूल हा घरातला सर्वांत जपलेला कोपरा; परक्या माणसाने, त्यातही जातीच्या उतरंडीत खाली धरलेल्या माणसाने, तिला हात लावणे चालत नसे. घाणीची बहुतेक कामे ज्या समाजाने इतरांच्या माथी मारली, त्याने ही एक घाण घरातल्या बाईसाठी राखून ठेवली.

इंग्लंडमध्ये उलटे घडले. १६६६ च्या आगीनंतर लंडनची घरे विटांची झाली, दगडी कोळशाचा वापर वाढला आणि चिमण्या अरुंद व वळणाच्या होत गेल्या. त्या साफ करायला लहान मुले आत चढवली जात. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने या सफाई कामगारांना होणारा वृषणकोशाचा कर्करोग काजळीशी जोडून दाखवला. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. मुलांना चिमणीत चढवण्याविरुद्ध १७८८ पासून कायदे होत राहिले आणि मोडले जात राहिले. १८७५ मध्ये धंद्याला परवाना आणि पोलिसांची देखरेख आल्यावर ही प्रथा थांबली.

अंबाजोगाईच्या बाजूला नळीची आग दोन ठिकाणी होती. एक, वाड्यातला तांब्याचा बंब. त्याच्या मधोमध उभी नळी, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा. ढलप्या-कोळसे वरून नळीत टाकायचे. नळीला आतून काजळी धरली की पाणी तापायला वेळ लागे आणि तोंडाशी धूर येई. मग काठीला चिंधी गुंडाळून ती खरवडायची आणि बाहेरचा तांबा चिंचेने लखलखीत करायचा. दुसरे ठिकाण गुऱ्हाळ. तिथे चुलवाणात चिपाडांचा जाळ घालायला वेगळा गडी असे आणि राख ओढणे त्याच्याच अंगावर पडे. पैसे घेऊन आग साफ करणारा माणूस या मुलखात शोधायचा तर तो असा उसाच्या हंगामात सापडतो, आणि त्याची मजुरीही जाळ घालण्याची, सफाईची नव्हे.

घरच्या चुलीला नळी जोडण्याचा विचार विसाव्या शतकातला. वर्ध्याच्या मगनवाडीत चाळीसच्या दशकात मगन चूल तयार झाली. बीड जिल्हा तेव्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीतल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल बनवली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली. मातीच्या बंद बोगद्यावर ओळीने भांडी, शेवटी छताबाहेर जाणारे धुराडे, अशी ही रचना. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. २००२ मध्ये तो संपला, तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. 'निर्धूर चूल' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला तो यातूनच.

या चुलीने धूर बाहेर नेला आणि घरात एक नवे काम आणले. गोवऱ्या-तुराट्यांच्या धुराने अरुंद नळी लवकर भरते. ती वेळोवेळी छपरावर चढून, नळीवरची टोपी काढून, वरून खाली घासावी लागते. बोगद्यातली राखही उपसावी लागते. पोतेऱ्याने होणारे हे काम नव्हते आणि ते कोणाचे, हे ठरलेलेही नव्हते. नळी तुंबली की धूर चुलीच्या तोंडातून उलटा घरात येई; मग भांड्यासाठी भोक मोठे करणे, नळी काढून टाकणे आणि पुन्हा साधी चूल घालणे, असे घडे. ओडिशात हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षे केलेल्या पाहणीत हेच आकड्यांनी दिसले: पहिल्या वर्षी धुराचा त्रास कमी झाला, पुढे देखभालीअभावी फरक उरला नाही. चूल बसवण्यासाठी अनुदान होते. नळी साफ करणाऱ्याचा विचार योजनेत जवळजवळ नव्हता, आणि तिची मोठी चूक हीच म्हणावी लागते.

शेवटी चुलीच्या धुरावर गॅसने मात केली, निदान कागदावर. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादला, दिली गेली. सिलिंडर महागला की आंघोळीचे पाणी आणि भाकरी परत चुलीवर जातात. त्या चुली बहुधा अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये असतात आणि त्यांना नळी नसते. शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये मात्र ओट्यावर विजेची चिमणी बसते. तिच्या जाळीत काजळीऐवजी फोडणीचे तेल साठते, आणि ते काढायला कंपनीचा माणूस ठरलेले पैसे घेऊन सर्व्हिसिंगला येतो.