कोळंबीविना ‘पाय टी’

मलाक्का, पेनांग, सिंगापूर या बंदरांत स्थिरावलेले चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या विवाहसंबंधांतून पेरानाकन समाज घडला. ‘पाय टी’ हा त्यांचा आवडता खाऊ. तापलेला पितळी साचा पातळ पिठात बुडवून तेलात धरला की कुरकुरीत वाटी तयार होते. तीत शिजवलेला शंखालूचा कीस आणि कोळंबी भरतात.

कोळंबी वगळली तर परंपरा मोडते का? शंखालू हा कंद मूळचा मेक्सिकोचा. स्पॅनिश जहाजांतून तो फिलिपिन्सला आला. म्हणजे पारंपरिक सारणही कधीकाळी नवेच होते.

परंतु कोळंबी सारणात काय काम करते, हे आपण आधी पाहू. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालातून ग्लुटामेट वेगळे केले व त्याच्या चवीला ‘उमामी’ म्हटले. पुढे १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटचीही अशीच चव ओळखली. वाळवलेल्या शिताके अळिंबीत ते असते. दोन्ही एकत्र आली की चव कित्येक पटींनी वाढते. सारणातल्या आंबवलेल्या सोयाबीनमध्ये ग्लुटामेट असतेच. त्याला अळिंबीची जोड दिली की कोळंबीची चव भरून निघते. तिची प्रथिने मात्र टोफूतून मिळवावी लागतात.

राहिला प्रश्न तेलाचा. तळताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. गार होताना मात्र वाटी ते शोषते. म्हणून वाटी भट्टीत भाजलेली बरी.

वर्गात एवढे करून पाहता येईल: टोमॅटोच्या सारात अळिंबी उकळलेले पाणी घालण्यापूर्वी आणि नंतर मुलांनी चव घेऊन फरक नोंदवावा.