सूर्यमाळचा काळा पाषाण

न्यूझीलंडचा न्गाउरुहोए ज्वालामुखी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बोलपटांत (2001-2003) राक्षसराजाचा अग्निपर्वत झाला. तो पाहावयास आमची मंडळीही आता समुद्रापार जातात. जावोत बापडी! परंतु मोखाड्याची सूर्यमाळही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचीच होय. तिच्या पूर्वेस, त्याच पाषाणाच्या ब्रह्मगिरीखाली, त्र्यंबकेश्वरी 1870 साली दादासाहेब फाळके जन्मले. 'लंकादहन' हा मूकपट त्यांनी 1917 त नाशिकास असताना काढिला. पुढे 'तुंबाड'ने (2018) सह्याद्रीच्या पावसासच मायावी रूप दिले. कॅमेऱ्यास पाऊस पुरतो. या कठीण पाषाणात मात्र तो फारसा मुरत नाही. म्हणून सूर्यमाळ पाहू इच्छिणाऱ्याने, आम्हांस वाटते, आषाढातले धबधबे पाहून न थांबता वैशाखातही जावे. तेव्हा त्या परिसरातील वारली-कोकणा स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या झऱ्याची वाट चालत असतात.